पोरं चारचौघांत फजिती करतात तेव्हा काय तपासायचं

पौषातली भरीत पार्टी होती. शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर बामणोदची वांगी टाकलेली, एकीकडे मिरच्या-लसूण ठेचणं चाललेलं, पंचवीस-तीस माणसं आणि सगळी भाऊबंदकीच. माझे एक चुलत काका आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. ते मोटारसायकल बांधावर लावून येतच होते, तेवढ्यात माझ्या साडेतीन वर्षांच्या पोरीने लांबूनच आवाज दिला, "नाना, पुन्हा पैसे मागायला आले का?"

काड्या तडतडत होत्या, तेवढाच काय तो आवाज. बायकोने पोरीच्या दंडाला हळूच चिमटा घेतला. त्यावर पोरगी आणखी वरच्या पट्टीत, "मम्मी, चिमटा का घेतला? तूच तर म्हणाली होती!" नाना खाली बसले आणि वांगी उलथायला लागले. जी उलथायची गरज नव्हती तीही उलथली. आणि जाळाच्या पलीकडून माझी आई बोलली, "पोर खरं बोलनी, तिले कसाले मारस?"

ती पोरगी आता सात वर्षांची आहे आणि तिच्यापाठचा पोरगा चारचा. शिवाय अमळनेरात माझं कटलरी आणि खेळण्यांचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. लोळण घेणारं पोरही रोज बघतो आणि घामाघूम झालेला बापही. "आमचं पोरगं बाहेर गेलं की इज्जत घालवतं, घरी सांगून सांगून थकलो, तरी तेच," हे गिऱ्हाईक मला इतक्या वेळा सांगून गेलंय की एकदा सगळं लिहूनच काढतो.

माझं मत आधीच सांगतो. एकदा फजिती झाली तर ती पोराची. तीच फजिती दर महिन्याला होत असेल तर घरात एक नियम आणि चार लोक बघायला लागले की दुसरा नियम, असं कुठेतरी चाललंय. ते शोधायचं.

आधी प्रकार ओळखा

डोळे वटारणं, चिमटा आणि "घरी चल, मग बघतो" ही तीन हत्यारं आपण सगळीकडे चालवतो. नळ गळतोय आणि फ्यूज उडालाय, दोन्हीला एकच पाना. पण पोरांच्या फजित्या मोजून तीन जातींच्या असतात. तोंडावर खरं बोलणं ही एक, घरातलं बाहेर फोडणं ही दुसरी, आणि हवं ते मिळावं म्हणून लोळण घेणं ही तिसरी. पहिलीत पोराची चूक नसते, दुसरीत आपली असते, आणि तिसरीत दोघांची भागीदारी असते.

चिमट्याबद्दल एवढंच सांगतो की तो चालत नाही. चार वर्षांच्या आतलं पोर चिमट्याचा अर्थ लावत नाही, ते फक्त त्याची जाहिरात करतं.

तोंडावर खरं बोलणं

"ह्या काकांना केसच नाहीत." "ती आजी अशी वाकडी का चालते?" "मावशी, तुझ्या पोटात बाळ आहे का?" आणि मावशीच्या पोटात नुसतं पोटच असतं.

यात खोडी नसते. लाज वाटायला लागते ती दीड-दोन वर्षांपासून, आरशातलं पोर म्हणजे आपणच हे कळायला लागतं त्याच सुमाराला. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय, आपल्या बोलण्याने त्याला काय वाटेल, हा हिशोब फार पुढचा. १९८३ साली ऑस्ट्रियात विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी पोरांना एक साधी गोष्ट सांगून बघितली होती. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आला की चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं बहुतेक सांगतात, दुसऱ्या कपाटात. म्हणजे मला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच! चार-पाचच्या पुढे उत्तर बरोबर यायला लागतं.

मी हे घरी चिक्कीवर करून बघितलं. धाकटा साडेतीनचा होता. ताईने चिक्की पोह्यांच्या डब्यात ठेवली, ती शाळेत गेली, मी ती तांदळाच्या डब्यात टाकली. आता ताई आली की कुठे बघेल? त्याने माझ्याकडे असं बघितलं की बापाला एवढंही कळत नाही, आणि तांदळाचा डबा दाखवला. परवा, चार पूर्ण झाल्यावर, परत विचारलं. थांबला, विचार केला, मग पोह्यांच्या डब्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "पण पप्पा, चिक्की खाऊन टाकू ना, तिला कुठे माहीत आहे." म्हणजे यंत्र सुरू झालंय. दुसऱ्याचं मन कळायला लागलं की पहिला उपयोग लबाडीसाठीच होतो, याचं मला वाईट वाटलं नाही.

मग करायचं काय? जागच्या जागी, नेहमीच्या आवाजात, छोटं आणि खरं उत्तर द्यायचं. "त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून काठी घेतात." बस. "शू! असं बोलू नये!" म्हटलं की पोराला दोन गोष्टी कळतात: इथे काहीतरी भारी लपलेलं आहे, आणि आवाज वाढवला की मोठी माणसं गडबडतात. दोन्ही त्याच्या आवडीच्या गोष्टी.

समोरच्या माणसाकडे बघून एकदा "माफ करा हो, लहान आहे" म्हणायचं आणि थांबायचं. आपण जी लांबलचक सारवासारव करतो, तिच्यानेच त्या माणसाला जास्त लागतं. धुळ्याच्या एसटीत एकदा माझ्या पोराशेजारी कोड असलेले एक गृहस्थ बसले. पोराने त्यांच्या हाताकडे बराच वेळ बघितलं, मग बोट टेकवलं आणि विचारलं, "आजोबा, रंग सांडला का?" मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "हो रे भो, होळीचा आहे. निघतच नाही बघ." पोराने दोनदा अंगठ्याने घासून बघितलं आणि मान डोलावली, नाही निघत. फागणे येईपर्यंत दोघं रंगावरच बोलत होते. घरी आल्यावर मी त्याला नीट सांगितलं की त्याला कोड म्हणतात, कातडीचा रंग जातो, दुखत नाही, आणि हात लावल्याने कोणाला होत नाही. ते आजोबा मोठ्या मनाचे निघाले. सगळे तसे असतील असं धरून चालू नका. त्यांना रोज दहा जण न विचारताही टक लावून बघतात.

पोर तीन-साडेतीनचं झालं की एक नियम चालतो: माणसाच्या अंगाबद्दल काही विचारायचं असेल तर कानात. "बोलू नको" यापेक्षा "कानात बोल" हे पोराला जमतं, कारण त्यात करायला काहीतरी असतं. फक्त याचा सराव घरी करावा लागतो. चार वर्षांच्या पोराची कुजबुज म्हणजे तोंड कानाला आणि आवाज बसस्टँडला. आम्ही 'मुंगीचा आवाज, शेळीचा आवाज, ट्रॅक्टरचा आवाज' असा खेळ करतो. ट्रॅक्टर पहिल्या दिवशी येतो. मुंगीला वर्ष लागतं.

घरातलं बाहेर फोडणं

नानांचं प्रकरण या जातीतलं. यात पोराला सुधारायला जाल तर दमाल, कारण पोर टेपरेकॉर्डर आहे. कॅसेट आपण भरतो.

"सांग, पप्पा घरी नाहीत." हे वाक्य तुम्ही पोराला सांगितलंत तर ते फोनवर "पप्पा म्हणतात, पप्पा घरी नाहीत" असंच सांगणार. माझ्याच दुकानात एक बाई भाव करत होत्या, "एवढेच आहेत हो, दोनशेच आणलेत." त्यांचं पोर म्हणालं, "नाही मम्मी, खालच्या कप्प्यात पाचशेची आहे." बाई हसल्या, मीही हसलो, आणि पाचशेची निघाली. धंद्याच्या दृष्टीने मला अशी पोरं आवडतात.

यावर उपाय तोंडाचाच, पण मोठ्यांच्या तोंडाचा. आम्ही एक ठरवून टाकलं आहे. श्रावणात आमच्या खान्देशातली कानबाई देवी बसते, तिच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. त्याच्या आधीच्या आठवड्यात कोणी किती गहू दिले, कोणाची सून कामाला येत नाही, हे विषय पोरं झोपल्याशिवाय काढायचे नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हाही तेच. सुरुवातीला फार जड गेलं. जेवताना बोलायला विषयच उरेनात. मग लक्षात आलं, आपण जेवताना दुसरं काही बोलतच नव्हतो.

फुटलंच, तर पोरावर ढकलू नका. "काहीही बोलते ही, कुठून ऐकते देव जाणे" म्हटलं की पोराला कळतं की मोठी माणसं लोकांसमोर खोटं बोलतात, आणि समोरच्याला तर ते कळलेलंच असतं. मी त्या दिवशी तेच केलं होतं. चार दिवसांनी नानांकडे गेलो आणि म्हणालो, नाना, घरात आमचं बोलणं झालं होतं, पोरीने उगाच रचलेलं नाही. अवघड गेलं, पण पुढे दोघांनाही नीट बोलता आलं. पैसे आले की नाही हे विचारू नका.

इथे एक सावधगिरी आहे आणि ती गंमतीत घेऊ नका. "घरातलं बाहेर सांगायचं नाही" असा सरसकट नियम पोराला शिकवू नका. उद्या कोणी त्याच्या अंगाला नको तिथे हात लावला आणि "कोणाला सांगू नको" म्हणालं, तर पोर आपलाच नियम पाळून गप्प बसेल. आम्ही असं सांगतो की वाढदिवसाची भेट काय आणली हे लपवायचं, कारण ते नंतर सगळ्यांना कळणार असतं. पण ज्याने भीती वाटते, पोटात गोळा येतो, ते लगेच मम्मी-पप्पांना सांगायचं, कोणीही नको म्हटलं तरी. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर थोरलीला पाठ आहे. चार लोकांत दहा वेळा लाज गेलेली परवडली.

लोळण

आता माझ्या गल्ल्यावरचा विषय.

आधी एक कबुली. कोणत्याही खेळण्यांच्या दुकानात जा, चावीच्या गाड्या, फुगे, चमकणारे भोवरे खालच्या खणात असतात. ती जागा तुमच्यासाठी नाही, अडीच फूट उंचीच्या गिऱ्हाइकासाठी आहे. माझ्याकडेही तसंच आहे आणि हे लिहून झाल्यावरही तसंच राहणार. तुम्ही दारातून आत शिरतानाच पोर कडेवर घेतलंत तर माझं नुकसान आणि तुमची पहिली दुरुस्ती झाली. फुकट आहे.

दुसरी तपासणी, मिक्सर बंद पडला की आधी प्लग बघतो तशी. पोर जेवलंय का, झोपलंय का, तापलंय का? वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. आमच्याकडे तेव्हा पारा ४२-४३ ला असतो, रेती तापलेली, पाळण्यांचा आवाज, धूळ, आणि लोक दोन वर्षांचं पोर बिनझोपेचं घेऊन येतात. मग ते पिपाणीसाठी लोळतं. त्याला पिपाणी नको असते, त्याला सावली आणि पाणी हवं असतं, पण त्याचं नाव पिपाणी आहे एवढंच त्याला त्या क्षणी सांगता येतं. संध्याकाळी, झोप झाल्यावर जा. निम्म्या लोळणी तिथेच संपतात.

उरलेल्या निम्म्या या खऱ्या, शिकलेल्या. त्या कशा शिकवल्या जातात हे मी रोज बघतो. पोर मागतं, बाप नाही म्हणतो. पोर रडतं, बाप नाही म्हणतो. पोर खाली बसतं, बाप इकडेतिकडे बघतो. पोर आडवं होतं, दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघतात, आणि बाप म्हणतो, "द्या हो, द्या." पोराने काय शिकलं? मागून मिळत नाही, रडून मिळत नाही, आडवं पडून मिळतं. आणि रोज मिळालं नाही तरी चालतं. कधीकधी मिळणं हे रोज मिळण्यापेक्षा जास्त चिवट असतं. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हे दाखवलंय, आणि आकड्याच्या नादी लागलेला माणूसही तेच दाखवतो. दहा वेळा हरतो आणि अकराव्यांदा लागेल म्हणून परत येतो. म्हणजे दहा वेळा ठाम राहून अकराव्यांदा दिलंत, तर पहिल्यांदाच दिलं असतं ते बरं होतं. एवढी कष्टाने खराबी कोणी करू नये.

म्हणून निर्णय दुकानाबाहेर घ्या. घ्यायचं असेल तर पहिल्या मागणीलाच घ्या, हसत घ्या. नाही तर शेवटपर्यंत नाही. यात्रेला जाताना आम्ही पोराच्या हातात पन्नासची नोट देतो: एकच वस्तू, यातच बसली पाहिजे, नोट संपली की घर. पहिल्या वर्षी दहाव्या पावलाला फुगा घेतला, विसाव्याला फुटला. मग बराच रडला. पण ते रडणं फुग्यासाठी होतं, आमच्यासाठी नव्हतं, हा फरक मोठा आहे. दुसऱ्या वर्षी तो शेवटच्या दुकानापर्यंत नोट मुठीत धरून चालला. नोट घामाने भिजली.

तरीही आडवं पडलंच तर? पॉटेगल आणि डेव्हिडसन या संशोधकांचं २००३ चं काम आहे, दीड ते पाच वर्षांच्या पोरांच्या आईबापांकडून लोळणींची वर्णनं गोळा केलेली. त्यात तीनचतुर्थांश लोळणी पाच मिनिटांत आटोपतात. आपल्याला त्या अर्ध्या तासाच्या वाटतात, कारण लोक बघत असतात. राग सुरुवातीला जोरात असतो आणि उतरत जातो, दुःख हळूहळू वाढत जातं आणि शेवटी पोराला जवळ घ्यायला माणूस हवं असतं. म्हणजे पहिली दोन मिनिटं समजावणं वाया. बाजूला न्या, डोकं आपटणार नाही असं बसा, आणि गप्प राहा. हुंदके मऊ झाले की उचला. वस्तू द्यायची नाही, मांडी द्यायची.

ज्या दिवसापासून हे सुरू कराल त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन लोळणी आधीपेक्षा मोठ्या असतील. नेहमीचा दरवाजा उघडेना म्हणून पोर जोरात ढकलून बघतं. नव्वद टक्के आईबाप नेमके इथेच सोडून देतात, आणि 'हे आमच्या पोराला चालत नाही' म्हणतात. नव्वद हा आकडा माझ्या गल्ल्यावरचा आहे, कुठे छापलेला नाही.

खरी अडचण पोर नसतं, प्रेक्षक असतात. आपल्याकडे कोणी नुसतं बघत नाही. "द्या ना हो घेऊन लेकराला, किती रडवता!" असं एक आबा नेहमी म्हणतात, आणि एखादी ताई पर्समधून चॉकलेट काढते. त्यांना दुखवायचं नाही, पण ऐकायचंही नाही. "आबा, दोन मिनिटं थांबा, होईल शांत," एवढं हसून म्हटलं की पुरतं. घरच्या आजी-आजोबांचं मात्र दोन मिनिटांत भागत नाही. माझी आई नातवाला नाही म्हणूच शकत नाही. तिच्याशी भांडून थकलो. शेवटी तिला तिचा एक वार दिला. मंगळवारी मंगळ ग्रहाच्या मंदिराकडे ती नातवंडांना घेऊन जाते, त्या दिवशी तिचं राज्य. इतर दिवशी माझं. पोरांना हे दोन दिवसांत कळलं. आईला कळायला दोन महिने लागले.

किरकोळ

शी-शूचे शब्द मोठ्याने बोलून हसणं, हा चार-पाच वर्षांच्या वयातला ताप आहे. हसू नका, रागावू नका, आपोआप उतरतो. पाहुण्यांसमोर नागडं धावणं: दार लावत चला. नाकात बोट: हातात काहीतरी द्या. पाहुण्याच्या ताटातलं मागणं: आधी जेवू घाला.

केव्हा दाखवून घ्यावं

पाच वर्षं उलटल्यावरही दिवसातून अनेकदा लोळण, एकेक अर्धा-अर्धा तास, स्वतःला चावणं-आपटणं, किंवा लहानपणापासून नावाने हाक मारली तरी न वळणं, बोलणं मागे राहणं, हे असेल तर वरचं काहीही करत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत तपासणीला पथक येतं, त्यांना सांगा. ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पैसे लागत नाहीत. ऐकू कमी येणारं पोर 'ऐकतच नाही' म्हणून मार खाताना मी बघितलंय.

आमच्याकडची एक दुरुस्ती अजून अर्धवट आहे. परवा दुकानात गर्दी होती. धाकट्याने माझा शर्ट ओढला, मला वाकवलं, दोन्ही हातांचा द्रोण करून रीतसर माझ्या कानाला लावला, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पप्पा, या मावशींना मिशी आहे."

मावशींनी दोन डझन बांगड्या घेतल्या होत्या. मी एकाच डझनाचे पैसे घेतले.